आजारपण आणि आत्मसन्मान : एक ख्रिस्ती दृष्टिकोन
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे अंधेरी-बोरिवलीहून आणि घाटकोपर-मुलुंडहूनही रुग्ण येतात. भाषा निराळ्या, धर्म निराळे. परंतु काही दिवस खाटेवर काढले की अनेकांच्या तोंडी एकच वाक्य येते : ‘माझा आता कोणाला काय उपयोग?’ पहाटेची लोकल गाठून रात्री घरी परतणाऱ्या आपल्या उपनगरांत माणसाची किंमत त्याच्या कामावरून ठरते. काम थांबले, बिलाचे आकडे दिसू लागले, मुलांना रजा घ्याव्या लागल्या, की रुग्ण स्वतःला ओझे समजू लागतो. यावर कोणतेही औषध लिहून देता येत नाही.

पवित्र शास्त्राच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपात निर्माण केला. त्या वेळी मनुष्याने अद्याप कोणतेही काम केलेले नव्हते! पुढे शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याची आज्ञा येते. ती मुळात लेवीय पुस्तकातील. येशूने तिचा पुनरुच्चार केला. त्यातील ‘आपल्यासारखी’ हा शब्द आपण फार घाईने वाचतो. नम्रतेच्या नावाखाली स्वतःला तुच्छ लेखावयास शिकविणारा उपदेश ख्रिस्ती मंडळ्यांतही होत आला आहे, हे मान्य करावयास हवे. माझ्या मते तो त्या आज्ञेशी विसंगत आहे.

नम्रता आणि स्वाभिमान एकाच जीवनात कसे नांदतात, हे महाराष्ट्राने पंडिता रमाबाईंच्या रूपाने पाहिले. १८८२ मध्ये त्यांना वैधव्य आले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र आश्रय व शिक्षण देणाऱ्या धर्मभगिनींशीही त्यांनी पत्रांतून वाद घातला; धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द ईश्वराज्ञा मानण्यास त्यांनी नकार दिला. उपकारकर्त्यांविषयी कृतज्ञता होती, शरणागती नव्हती.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या तरुण विधवा होत्या. त्याच पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते, अशी टीका होऊन १८९३ मध्ये पुण्यात मोठा वाद झाला व अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. तो इतिहास झाकण्याचे कारण नाही. मला आज स्मरण होते ते त्यानंतरच्या केडगावचे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० स्त्रिया व मुली आणल्या. त्यांतील कितीतरी उपासमारीने खंगलेल्या होत्या. त्यांना प्रथम अन्न, वस्त्र आणि शुश्रूषा मिळाली. विणकाम, तेलघाणी, छापखाना हे सारे नंतर आले. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविली गेली. ज्यांच्याने काही होणे शक्य नव्हते, त्यांनाही तेथे जागा होती. आधी स्वीकार, मग काम, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या मुली एके काळी अपशकुनी ठरलेल्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

योहानाच्या शुभवर्तमानात ३८ वर्षे आजारी असलेल्या एका माणसाची कथा आहे. बेथेस्दाच्या तळ्याकाठी तो पडून होता. येशूने त्याला प्रथम विचारले की, तुला बरे व्हावयाचे आहे काय? प्रश्न विचित्र वाटतो. परंतु इतक्या वर्षांत त्याची इच्छा कोणी विचारली असेल, असे मला वाटत नाही. आपल्या वॉर्डात डॉक्टर मुलाशी बोलतात, मुलगा परिचारिकेशी बोलतो आणि आजोबा दोघांकडे पाहत राहतात. प्रेमापोटीच हे घडते. तरी त्या वृद्धाला आपण वस्तू झालो आहोत असे वाटते.

म्हणून नातेवाईकांना माझी विनंती आहे. रुग्णासमोर खर्चाची चर्चा कुजबुजत करू नका. त्याला सांगण्यासारखे असेल ते सरळ सांगा. आज आंघोळ सकाळी की दुपारी, भेटावयास कोणी यावे, कोणी येऊ नये, हे त्यालाच ठरवू द्या. घरातील एखादा निर्णय त्याचा सल्ला घेऊनच करा. देणगीदारांनाही एक सांगावेसे वाटते : आपल्या साहाय्यातून ज्यांचे उपचार होतात, त्यांची नावे व छायाचित्रे अहवालात असावीत असा आग्रह काही वेळा होतो. रुग्णाने स्वतः संमती दिली नसेल, तर तो आग्रह कृपया धरू नये.