शाळा बायकांनी उभ्या केल्या, कारभार कुणाच्या हाती?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'ख्रिस्ती शाळा-कॉलेजांचा विकास आणि नेतृत्व' हा विषय मला दिला, तेव्हा पहिल्यांदा आठवली ती आमच्या शाळेची कमिटी. नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या मुलींच्या शाळेत मी दहावीपर्यंत शिकले. माझी आई त्याच शाळेच्या बोर्डिंगात राहून शिकली होती. शिकवायला सगळ्या बाई. बोर्डिंगच्या मावशी, स्वयंपाकघरातल्या मावशी, ऑफिसातल्या क्लार्क, सगळ्या बायका. पण वर्षातून दोन-तीनदा फाटकातून एक गाडी आत यायची, तीतून चार-पाच पुरुष उतरायचे आणि मुख्याध्यापिकाबाई उठून त्यातल्या एकाला आपली खुर्ची द्यायच्या. 'कमिटी आली' असं आम्ही कुजबुजायचो. कमिटीत एकही बाई का नाही, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. एम.एस.डब्ल्यू. करून बारा-तेरा वर्षं काम केल्यावर मात्र तो सुटत नाही. आज तोच तुमच्यापुढे ठेवते.

आधी इतिहास, कारण तो आपला सगळ्यांचा आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार नावाची अविवाहित स्त्री अमेरिकेहून मुंबईत आली, ती मुलींच्या शाळांचं काम करायला. लग्न न करता एकट्या बाईने सातासमुद्रापार नोकरीला जाणं हे तेव्हा अमेरिकेतही नवलाचं होतं. १८२९ पासून मुंबईतच स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन मुलींच्या शाळा चालवू लागल्या. फरारबाई १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांची शाळा जोतीराव फुले आणि त्यांचे मित्र सदाशिव गोवंडे यांनी पाहिली. त्यानंतर १८४८ मध्ये पुण्यात काय घडलं ते तुम्हाला सांगायला नको. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण फरारबाईंकडे नगरला आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

हे सांगताना दोन टोकांना जायचं नाही. 'मिशनरी आले म्हणून आम्ही शिकलो' असं म्हणणं म्हणजे जोतीराव-सावित्रीबाईंनी खाल्लेले शेणगोळे विसरणं. आणि 'सगळं धर्मांतरासाठीच होतं' असं म्हणणं म्हणजे ज्या मुलीला पहिल्यांदा पाटी मिळाली तिला विसरणं. धर्मप्रसार हा मिशनचा हेतू होताच, तो त्यांनी लपवलाही नाही. पण पाटी हातात आल्यावर मुलीने तिच्यावर काय लिहायचं, हे कुठल्याच मिशनला पुरतं ठरवता आलं नाही.

पंडिता रमाबाईंचंच पाहा. १८८२ साली पुण्यात हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी मुलींच्या शाळांसाठी प्रशिक्षित शिक्षिका मागितल्या आणि शाळा तपासायलाही बायकाच नेमा असं सांगितलं. तेव्हा त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. म्हणजे नुसतं शिकवणं नव्हे, शाळेवरचा अधिकारही त्या मागत होत्या. १८८३ मध्ये इंग्लंडला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी इंग्रज तरुणांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तर बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानी बाईने पुरुषांना शिकवलं तर मायदेशी तिचं वजन कमी होईल! रमाबाईंनी पत्रांतून या हरकतीचा खरपूस समाचार घेतला. ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. मुली आपण होऊन त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये वादळ उठलं आणि सुधारक सल्लागार बाजूला झाले. एकीकडे बिशप, दुसरीकडे सुधारक, दोघांनाही बाईच्या हाती संस्थेची दोरी नको होती. रमाबाईंनी ती सोडली नाही. केडगावला मुक्ती सदनात शेती, विणकाम, छापखाना सगळं बायकांनी चालवलं.

अशी आणखीही उदाहरणं आहेत. फ्रान्सिना सोराबजींनी १८७६ मध्ये पुण्यात स्वतःच्या घरात व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केलं. कायदा शिकलेल्या कॉर्नेलिया या त्यांच्या लेक. लखनौला इझाबेला थोबर्न यांनी १८७० मध्ये सुरू केलेल्या मुलींच्या शाळेचं पुढे कॉलेज झालं आणि १९३९ मध्ये कॉन्स्टन्स प्रेम नाथ दास या तिथल्या पहिल्या भारतीय प्राचार्या झाल्या.

मग बायका मागे कुठे पडल्या? माझ्या मते याचं उत्तर तिजोरीत आहे. अमेरिकेतल्या चर्चमधल्या बायकांनी १८६८ साली बोस्टनला स्वतःचं वेगळं मिशन मंडळ काढलं होतं. घराघरातून चिल्लर गोळा करून त्या शिक्षिकांचे पगार आणि मुलींच्या शाळांचा खर्च पाठवत. नगरच्या मुलींच्या शाळेलाही त्यांचा आधार होता. पैसा त्यांचा, म्हणून शब्दही त्यांचा. १९२७ साली हे मंडळ पुरुषांच्या मोठ्या बोर्डात विलीन झालं. कारण सांगितलं काटकसरीचं. बायकांना मोठ्या बोर्डात जागा मिळाल्या, पण स्वतःची तिजोरी राहिली नाही. पुढे मिशनरी परत गेले, मालमत्ता इथल्या चर्चच्या ट्रस्टकडे आणि संस्थांकडे आल्या. परक्यांचा कारभार आपल्या माणसांच्या हाती आला हे चांगलंच झालं. फक्त 'आपली माणसं' म्हणजे बहुतेक ठिकाणी आपले पुरुष असंच झालं. अनेक ठिकाणी शाळांच्या मंडळाचा अध्यक्ष बिशप असतो. कॅथलिक चर्चमध्ये बाईला बिशप होताच येत नाही. चर्च ऑफ साउथ इंडिया १९४७ साली स्थापन झालं, त्यात पहिली स्त्री बिशप व्हायला २०१३ साल उजाडलं. सहासष्ट वर्षं!

संस्था मोठी झाली की बाई मागे पडतेच, असं काही विधिलिखित नाही. वेल्लोरला इडा स्कडर यांनी १९१८ मध्ये बायकांसाठी मेडिकल स्कूल काढलं. पुढे सरकारने पदवीचा अभ्यासक्रम सक्तीचा केला, खर्च आवाक्याबाहेर गेला आणि अखेर १९४७ मध्ये मुलांनाही प्रवेश द्यावा लागला. पण त्यानंतर लगेचच डॉ. हिल्डा लाझरस या भारतीय बाई त्या संस्थेच्या प्रमुख झाल्या. जागा राखली तर राहते.

आता आजचं. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याला धरून महाराष्ट्राच्या १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्यात एक सवलत आहे. अल्पसंख्याक शाळेचा प्रमुख आणि व्यवस्थापन ज्यांची नावं कळवील असे आणखी तीन जणांपर्यंत कर्मचारी, यांच्या भरतीला तो कायदा लागू नाही. सवलत समाजाच्या रक्षणासाठी आहे. पण ती वापरली कशी जाते?

एक अनुभव सांगते. शाळेचं नाव घेत नाही. तिथे गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या, चोवीस वर्षांची नोकरी. मुख्याध्यापिका निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं, आता याच. कमिटीने दुसऱ्या शाळेतून नोकरीला दहा वर्षं कनिष्ठ असलेले एक सर आणून बसवले. बाई विचारायला गेल्या तर उत्तर मिळालं, "बाई, तुम्हाला घरचं बघायचं असतं. पोलीस, कोर्ट, जमिनीच्या भानगडी तुम्हाला झेपायच्या नाहीत." त्या माझ्याकडे आल्या. आम्ही कायदा उघडून बसलो आणि या सवलतीपाशी येऊन थांबलो. वकिलांनीही मान हलवली.

तेव्हा आम्ही दुसरी वाट धरली. माजी विद्यार्थिनींना गोळा केलं. एकशेसाठ सह्यांचं निवेदन दिलं: बाईंना का डावललं ते लेखी सांगा, मुख्याध्यापक नेमण्याचे निकष लिहून काढा, कमिटीत दोन बायका घ्या. पहिल्या मागणीला उत्तर आलं नाही. सात महिन्यांनी निकष लिहून झाले. कमिटीत एक बाई घेतली. बाई मात्र सहशिक्षिका म्हणूनच निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या बाईला अर्ज करायची जागा तरी कळेल." हा विजय नाही हे मला ठाऊक आहे, पण काहीच झालं नाही असंही मी म्हणणार नाही.

सिस्टरांविषयीही बोलायला हवं. त्यांच्या धर्मसंघांनी चालवलेल्या शाळा-कॉलेजांत बायकांच्या हाती खरी सत्ता दिसते. १९४० साली मुंबईत सुरू झालेलं सोफिया कॉलेज हे त्याचं ठळक उदाहरण. पण व्रतामुळे सिस्टरचा पगार तिचा राहत नाही, तो संघाकडे जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर यांच्या पगारातून आयकर कापला जाईल. म्हणजे कायद्याच्या लेखी तो पगार तिचाच आहे. व्रत तिने स्वखुशीने घेतलं आहे, त्यात आपण पडायचं कारण नाही. पण तिच्या कमाईचा हिशेब तिला दिसतो का, आणि संघ सोडायची वेळ आली तर तिच्या हाती काय राहतं, हे श्रमाचे प्रश्न आहेत आणि ते आपलेच आहेत.

तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, आज ख्रिस्ती समाजावर हल्ले होत असताना ही धुणी चव्हाट्यावर का धुता? ही भीती माझ्याही घरात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. आमच्या वाडीवस्तीवरच्या मुलीला मिशनचं बोर्डिंग हाच आधार होता. तो मोडावा असं मी कधीच म्हणणार नाही. कलम ३० वर घाला आला तर मी पहिल्या रांगेत उभी राहीन. पण हा हक्क समाजाचा आहे आणि अर्धा समाज बायकांचा आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच सांगून ठेवलं आहे की कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभार करण्याचा हक्क येत नाही.

म्हणून तुम्हाला तीन कामं सांगते. तुमच्या भागातल्या मिशनच्या शाळेच्या ट्रस्टींची यादी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून मिळवा आणि त्यात बायका किती ते मोजा. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे का, तिची बैठक खरोखर होते का, की नावं नुसती भिंतीवर आहेत, ते विचारा. आणि माजी विद्यार्थिनींना एकत्र आणा. शाळेला त्यांचं ऐकावं लागतं. आणि हो, हेच प्रश्न इतर सगळ्या शिक्षणसंस्थांना, आपल्या सहकारमहर्षींच्या संस्थांनाही विचारा. तिथे उत्तरं फार वेगळी मिळतील असं समजू नका.

गेल्या वर्षी मी माझ्या शाळेत गेले होते. मुख्याध्यापिकाबाई नव्या आहेत, तरुण आहेत. बोलता बोलता फाटकात गाडी थांबली, कमिटी आली. बाई उठल्या, नमस्कार केला, बाहेरून चार खुर्च्या मागवल्या आणि परत आपल्या खुर्चीत बसल्या.