हेफील्डची वहिवाट

इंग्लंडांतील प्रेक्षणीय स्थळें म्हटलीं म्हणजे लंडनचा मनोरा, शेक्सपीअरचें जन्मघर आणि उत्तरेकडील सरोवरांचा प्रदेश यांचीं नांवें सुशिक्षित घरांतून सहज निघतात. डर्बीशायर परगण्यांतील हेफील्ड या खेड्याचें नांव त्या यादींत सहसा नसतें. तेथें राजवाडा नाहीं, कीं कोणा महाकवीचें स्मारक नाहीं. करड्या दगडाचीं घरें, एक प्रार्थनामंदिर, गांवांतून खळाळत जाणारी सेट नांवाची लहानशी नदी आणि पाठीशीं किंडर स्काउटचें उंच, उजाड पठार, एवढाच त्या गांवाचा पसारा. तरीही चालण्याची हौस असलेला इंग्रज मनुष्य हेफील्डचें नांव आदरानें घेतो. कारण तेथें पाहण्यासारखी मुख्य वस्तु म्हणजे वाट होय.

इंग्लंडांतील पायवाटेची कल्पना श्रोत्यांनीं प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. शेत एकाचें, कुरण दुसऱ्याचें, पण त्यांतून जुन्या काळापासून चालत आलेली पायवाट मात्र सर्वांची, असा तेथील कायदा आहे. आपण जिला वहिवाट म्हणतों, तिचीच ही इंग्लिश बहीण. आडवी भिंत आली तर तींत चढउतारासाठीं दगडी पायऱ्या किंवा एखादें फाटक असतें. वाटसरूनें तें उघडावें आणि मागें आठवणीनें लावून घ्यावें. नाहीं तर एकाच्या मेंढ्या दुसऱ्याच्या कुरणांत शिरतात. मालकी आणि वहिवाट या दोघी सवती एकाच शेतांत नांदतात त्या अशा लहानशा शिष्टाचाराच्या आधारावर.

हेफील्डला पूर्वीं आगगाडी येत असे. न्यू मिल्सहून आलेला हा फांटा १८६८ सालीं सुरू झाला आणि १९७० च्या जानेवारींत बंद पडला. रूळ उखडले गेले, पण त्यांच्याखालची सपाट पट्टी राहिली. तीच आज सेट खोऱ्याची वाट म्हणून ओळखली जाते. लांबी अवघी अडीच मैल. आणि वाट मुळांत आगगाडीसाठीं बांधलेली, म्हणून चढ अगदीं सौम्य. वृद्ध मनुष्य, बाबागाडी ढकलणारी माता, घोडेस्वार आणि नुकताच सायकल शिकलेला मुलगा, सर्वांनाच ती मानवते. तिच्या न्यू मिल्सकडील टोंकाला नदीनें वालुकाश्मांत खोल घळ कोरली आहे. घळीच्या तळाशीं सुताच्या जुन्या गिरण्यांच्या खुणा दिसतात, आणि रेल्वेच्या उंच आधारभिंतीला जोडलेल्या लोखंडी सज्जावरून पाण्याच्या अगदीं माथ्यावरून चालत जातां येतें. ज्यांना डोंगर हवा, पण दमछाक नको, त्यांच्यासाठीं हेफील्डजवळ लँटर्न पाइक नांवाची सुमारें सव्वाबाराशें फूट उंचीची टेकडी आहे.

मात्र हेफील्डची खरी कीर्ति किंडरच्या वाटेमुळें आहे. त्या पठाराची उंची २,०८७ फूट. तेथील रान पूर्वीं मोठमोठ्या जमीनदारांच्या ताब्यांत होतें. रानकोंबडीच्या जातीचा ग्राऊस नांवाचा पक्षी तेथें पाळीत, आणि वर्षांतून थोडे दिवस त्याची शिकार होई. त्या थोड्या दिवसांसाठीं वर्षभर रखवालदार ठेवून माणसांस मज्जाव केला जाई. खालीं मँचेस्टरच्या गिरण्यांतून आठवडाभर धूर आणि कापसाची धूळ गिळणारे कामकरी रविवारीं हजारोंनीं आगगाडीनें हेफील्डला उतरत. डोंगर डोळ्यांसमोर असे, पण पाऊल टाकण्यास हक्काची वाट अपुरी पडे. पायवाटांच्या रक्षणासाठीं १८९४ सालीं एक संस्था निघाली. तिच्या खटपटीनें १८९७ सालीं हेफील्डहून पलीकडच्या स्नेक खिंडीच्या रस्त्यास जाणारी एक वाट लोकांस खुली झाली. पण पठाराचा माथा बंद तो बंदच राहिला.

२४ एप्रिल १९३२ हा रविवारचा दिवस. मँचेस्टरच्या कांहीं तरुण कामगारांनीं त्या माथ्यावर उघडपणें चढून जाण्याचें जाहीर केलें. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा. मोटारींच्या कामांतला, पण त्या वेळीं बेकार. मँचेस्टरच्या स्टेशनावर पोलीस त्याची वाट पाहत उभे होते. हा पठ्ठ्या मात्र सायकलवर बसून हेफील्डला दाखल झाला! गांवच्या मैदानांत सभेला बंदी होती, म्हणून मंडळी गांवाबाहेरील बोडन ब्रिजच्या दगडी खाणींत जमली. सुमारें चारशें जण विल्यम क्लफ नांवाच्या घळीनें वर निघाले. रखवालदारांशीं थोडी झटापट झाली, एकजण जखमी झाला. माथ्याजवळ शेफील्डकडून आलेली दुसरी टोळी भेटली. जयघोष झाला, आणि सर्व मंडळी आल्या वाटेनें परतली. त्या दिवशीं एकूण सहाजणांस पकडण्यांत आलें. डर्बी येथील न्यायालयांत पांचजणांस दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. रॉथमनच्या वांट्यास चार महिने आले.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षें अर्जविनंत्या करीत आलेल्या जुन्या पदभ्रमण मंडळांना हा प्रकार मुळींच पसंत नव्हता. आपलें काम बिघडेल असें त्यांतील पुष्कळांना वाटे. त्यांची ती भीति अगदींच पोकळ म्हणतां येणार नाहीं. पण शिक्षेची वार्ता पसरली आणि नापसंति दर्शविणारेही कळवळले. त्याच वर्षीं विनॅट्स खिंडींत हजारों लोकांची सभा भरली. १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानें व ग्रामीण प्रदेशांतील प्रवेश यांविषयींचा कायदा झाला. त्या अन्वयें परगण्यांच्या कौन्सिलांना सार्वजनिक वाटांचे नकाशे तयार करावे लागले. १९५१ सालीं पीक डिस्ट्रिक्ट हें ब्रिटनमधील पहिलें राष्ट्रीय उद्यान ठरलें. खुल्या माळावर पायीं फिरण्याचा सर्वसाधारण हक्क मात्र २००० सालच्या कायद्यानें दिला, आणि त्या भागांत तो २००४ सालीं अंमलांत आला. मोर्च्याच्या सत्तराव्या वाढदिवशीं, २००२ च्या एप्रिलांत, त्या रानाचे जुने मालक असलेल्या घराण्यांतील डेव्हनशायरचे ड्यूक यांनीं आपल्या आजोबांच्या कृत्याबद्दल जाहीरपणें खेद प्रकट केला. रॉथमन त्यापूर्वीं तीनच महिने वारला होता.

ती वाट आज कोणासही चालतां येते. बोडन ब्रिजच्या खाणींत कातळावर स्मृतिफलक आहे. तेथून जलाशयाच्या कडेनें विल्यम क्लफ चढून जावें, पठाराच्या कडेकडेनें किंडर डाउनफॉल या धबधब्यापर्यंत पोंचावें आणि एडेल क्रॉसवरून गांवीं परतावें. हा आठ-नऊ मैलांचा फेरा होतो. सुमारें शंभर फुटांवरून पडणारें डाउनफॉलचें पाणी पश्चिमेचा वारा जोरांत असला म्हणजे उलटें वर उडतें आणि कडेवर उभ्या असलेल्या माणसास भिजवून टाकतें. पायांखालची जमीन काळ्या, ओल्या, कुजक्या वनस्पतीची आहे. धुकें एकाएकीं उतरतें, तेव्हां नकाशा, होकायंत्र आणि जाड तळाचे बूट यांवांचून तेथें जाऊं नये. माथ्यावरील उघडी पडलेली माती धरून ठेवण्यासाठीं अलीकडे शेवाळ व गवत पुन्हां लावण्याचें काम चालू आहे, म्हणून रुळलेली वाट सोडून तुडवातुडव करणें बरें नव्हे.

सायकलस्वाराची गोष्ट थोडी निराळी आहे. १९६८ च्या कायद्यानें त्याला घोडेवाटांवरून जाण्याची परवानगी मिळाली. पण २००० सालचा खुल्या माळाचा हक्क केवळ पायांचा आहे, चाकांचा नव्हे. रॉथमन ज्या वाहनानें हेफील्डला आला, त्या वाहनाला किंडरच्या माथ्यावर आजही मज्जाव आहे! दमदार सायकलस्वारानें कोल्डवेल क्लफची जुनी घोडेवाट धरावी. शेवटचा चढ खडकाळ आहे. तेथें पुष्कळजण सायकल हातीं धरून चालतात. वर एडेल क्रॉस नांवाचा मध्ययुगीन दगडी क्रूस भिंतींच्या कोनाड्यांत उभा आहे. घोडेवाट तशीच पुढें एडेलच्या खोऱ्यांत उतरते. ज्याला माथा गांठावयाचा असेल, त्यानें सायकल तेथेंच भिंतीला टेकवून ठेवावी आणि डावीकडची पायवाट धरावी.