बंपरवरून गाडीचा काळ ओळखावा

गावोगावहून गाड्या घेऊन आलेले मालक आणि त्या गाड्या चालत्या ठेवणारे मिस्त्री, डेंटर, प्लेटिंगचे कारागीर, स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मुंबईत मनःपूर्वक स्वागत करतो.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर कंपनीच्या फियाट गाड्या या शहराने काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे पळवल्या. व्हिंटेज आणि क्लासिक मोटारींचे संमेलन इथे भरते आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

इंजिन सोडून चर्चेला बंपर का, असे काहींनी विचारले. कारण इंजिन आपण पुस्तक बघून उघडतो. बंपरवर मात्र हौस भागवतो.

सुरुवातीच्या मोटारींना बंपर नसेच. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक सिम्स यांनी १९०५ च्या सुमारास रबरी बंपर आणला. पण पुढेही कित्येक वर्षे ती जादा पैसे मोजून घ्यायची वस्तू होती. फोर्डच्या मॉडेल ए गाडीच्या जाहिरातींतसुद्धा बंपर आणि जादा टायर किमतीत धरलेले नसत. त्या गाडीचा बंपर म्हणजे पोलादाच्या दोन सपाट पट्ट्या. धक्का बसला की किंचित लवायच्या.

पुढे बंपरला कामे वाढली. अमेरिकन गाड्यांचा जॅक त्याच्याच कडेला अडकवून चाक उचलत. बंद पडलेल्या गाडीला मागची गाडी बंपर टेकवून ढकलत असे. मग नटण्याचे दिवस आले. १९५० च्या दशकात कॅडिलॅकच्या बंपरवर तोफगोळ्यासारखे क्रोमचे उंचवटे आले. काही मॉडेलांत तर धूरही बंपरमधून बाहेर पडे. १९७३ च्या मॉडेलांपासून अमेरिकेने नियम केला: ताशी ५ मैलांनी समोरून धडक बसली तरी दिवे वगैरे शाबूत राहिले पाहिजेत. एमजीबीसारख्या नाजूक ब्रिटिश गाडीला १९७४ मध्ये काळा, जाडजूड रबरी बंपर आला तो त्यामुळेच.

म्हणून सांगतो, बंपर बदलला की गाडीचा काळ बदलतो. क्रोमचा वापर रूढ झाला १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधीच्या गाडीला निकेलची जराशी पिवळसर चमकच शोभते. क्रोम करायचेच असेल, तर निकेलच्या थरात काटकसर नको. वरचा क्रोमचा थर अगदी पातळ असतो; गंज मुख्यतः खालचे निकेल अडवते. मुंबईच्या खाऱ्या हवेत ती काटकसर पहिल्याच पावसाळ्यात उघडी पडते. जुना बंपर उतरवण्याआधी त्याची मापे घ्या, फोटो काढा, ब्रॅकेट आणि बोल्ट जपून ठेवा. नवा पातळ पत्रा घेण्याआधी जुने जाड पोलाद सरळ होते का, ते डेंटरला विचारा.

आज दुपारच्या सत्रात कारागीरच बोलणार आहेत. मालकांनी वही घेऊन बसावे, ही विनंती. व्यवस्थेत काही उणे राहिले तर हक्काने सांगा. संमेलनाची सूत्रे अध्यक्षांच्या हाती देतो.