न दिसणाऱ्या कणाच्या मागावर

न्यूट्रॉनवर एकूण विद्युतभार नसतो, पण त्याच्या पोटातल्या क्वार्कांवर असतो. हे धन आणि ऋण भार एकमेकांपासून किंचित सरकलेले असावेत, अशी मुभा अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या तीव्र बलाची समीकरणं देतात. मोजायला जावं तर असं सरकणं काही केल्या सापडत नाही. म्हणजे हे सरकणं ठरवणारा समीकरणातला अंक एकाच्या हजार कोटीव्या भागापेक्षाही लहान असला पाहिजे. का, ते प्रस्थापित सिद्धांत सांगत नाही.

1977 मध्ये रोबेर्तो पेच्चेई आणि हेलन क्विन यांनी सुचवलं, की हा अंक कायमचा ठरलेला नसावा. अवकाशभर पसरलेलं एक क्षेत्र त्याला आपोआप शून्याकडे नेत असावं. असं क्षेत्र असेल तर त्याचा कणही असणार, हे पुढच्याच वर्षी स्टीव्हन वाइनबर्ग आणि फ्रँक विल्चेक यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. तो कण अ‍ॅक्सिऑन. त्याचं पहिलं रूप प्रयोगांनी लवकरच निकालात काढलं. मग त्याहून कितीतरी हलक्या, पदार्थाशी जवळजवळ संबंधच न ठेवणाऱ्या अ‍ॅक्सिऑनची प्रारूपं आली. असे कण विश्वाच्या आरंभी भरपूर निर्माण झाले असतील, तर विश्वातलं जे न दिसणारं द्रव्य, ज्याला कृष्णद्रव्य म्हणतात, ते हेच असू शकेल! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण कृष्णद्रव्यासाठी हा कण कुणी मुद्दाम घडवला नव्हता.

पण त्याला पकडायचं कसं? 1983 मध्ये पिएर सिकिवी यांनी वाट दाखवली. तीव्र चुंबकक्षेत्रात अ‍ॅक्सिऑनचं रूपांतर रेडिओलहरीत होऊ शकतं. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला एडीएमएक्स हा प्रयोग त्याच वाटेनं चालला आहे. निरपेक्ष शून्याजवळ थंड केलेली धातूची पोकळी, भोवती प्रचंड चुंबक, आणि आतले दांडे फिरवत पोकळीची वारंवारता अगदी थोडी थोडी बदलायची. आत्ता हे भाषण ऐकायला तुम्ही स्टेशन लावलंत, तसंच. फक्त तिथे स्टेशन कुठे लागेल ते ठाऊक नाही. आणि संकेत किती क्षीण? एका वॅटचे कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी, त्यातल्या एकाचे आणखी कोटी; त्याहूनही कमी.

2018 मध्ये एडीएमएक्सच्या गटानं 650 मेगाहर्ट्झच्या आसपासचा अरुंद पट्टा तपासून जाहीर केलं, की इथे काही नाही. याला मी अपयश म्हणणार नाही. त्या वारंवारतेशी जुळणाऱ्या वस्तुमानाचा अ‍ॅक्सिऑन हेच कृष्णद्रव्य असतं, तर तो ऐकू आला असता. तेवढी शक्यता आता मिटली. नंतर शोध 1000 मेगाहर्ट्झच्याही पुढे गेला. कण अजून सापडलेला नाही. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, त्यापुढचा बहुतेक पट्टा इतक्या बारकाईनं कुणी ऐकलेलाच नाही. तिथे माणसं हवी आहेत.