मीठ, पाणी आणि जुनी मोटारसायकल

(तुळिंज येथे भरलेल्या ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाह आणि शिष्यवृत्ती या विषयांवर विद्वानांची भाषणे होत असतात. यंदा कार्यकारी मंडळाने एका मिस्त्रीला उभे केले आहे. ही मंडळाची गुणग्राहकता म्हणावी की वक्त्यांची टंचाई, याचा निर्णय मी आपणांवर सोपवितो. मला सांगितलेला विषय आहे जुन्या मोटारसायकलींचे विजेचे भाग कसे स्वच्छ करावेत व पुन्हा कामाजोगे कसे करावेत हा. विषय लहान आहे. परंतु आपल्या ज्ञातीतील काही तरुणांनी तुळिंजच्या रस्त्यालगत दुचाकी दुरुस्तीची दुकाने थाटली आहेत, आणि पुष्कळांच्या घरी पडवीत आजोबांची किंवा वडिलांची एखादी जावा, येझदी, राजदूत अथवा एनफील्ड गोणपाटाखाली उभी आहे. तिला भंगारात घालण्यास मन होत नाही आणि रस्त्यावर आणण्याचे धाडस होत नाही. अशा घरांसाठी हे बोलणे आहे.

माझ्याच घरची हकीकत सांगतो. माझ्या वडिलांनी जुनी जावा विकत घेतली होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून या गाड्या १९६१ पासून निघू लागल्या, १९७३ पासून त्यांना येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले खरे, पण त्या गाड्या निराळ्या. त्यांचा डायनॅमो आपल्या जुन्या गाडीला चालावयाचा नाही. तेव्हा मूळ भाग मिळावयाचा तो कोणाच्या तरी जुन्या साठ्यातलाच. हाती आहे तो भाग जपणे, एवढाच मार्ग उरतो.

जुलै २०१८ मधील तो पाऊस आपण विसरला नसालच. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढले, लोकल थांबल्या, वीज बंद ठेवावी लागली. आमच्या पडवीत गुडघाभर पाणी दोन दिवस होते, आणि त्यात वडिलांची जावा उभी होती. या गाडीचा डायनॅमो इंजिनाच्या उजव्या अंगाला, थेट क्रँकच्या टोकावर बसविलेला असतो. म्हणजे तो पूर्ण बुडाला. पाणी ओसरल्यावर मी त्याचे झाकण काढले, सर्व भाग रॉकेलने धुतले, उन्हात वाळविले, ब्रश बदलले आणि गाडी चालू केली. दिवाळीला ती चालत होती, शिमग्याला चालत होती. गल्लीत माझी वाहवा झाली. जून २०१९ मध्ये पहिला पाऊस पडला आणि आठ दिवसांत दिवा मिणमिणू लागला, पुढे विझला. झाकण उघडून पाहतो तो आतली तांब्याची टोके हिरवी पडलेली, आणि एक तार बोट लावताच तुटून हातात आली.

चाळीस वर्षे हाच धंदा केलेल्या माणसाची ही फजिती. कारण शोधावयास मला बाहेर जावे लागले नाही. बंधूंनो, आपल्या ज्ञातीचे नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून पडले असे सांगतात. पावसाळ्यात मिठाच्या मडक्याला घाम फुटतो, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. हवेतील आर्द्रता शेकडा पंचाहत्तरच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढू लागते. मिठागरातल्या कच्च्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याहूनही आधी ओलावतात. आमच्या पडवीत शिरलेले पाणी निव्वळ पावसाचे नव्हते. त्यात गटार होते, नाला होता आणि भरतीला उलटलेली खाडी होती. पाणी वाळले, मीठ मागे राहिले. आणि मी काय केले, तर ते रॉकेलने धुतले! मीठ रॉकेलमध्ये विरघळत नाही, पेट्रोलमध्येही नाही. मी फक्त वंगण काढून मिठाला मोकळे करून ठेविले. उन्हाळाभर ते निपचित पडून राहिले, पावसाळ्यात ओलावले. आणि ओल्या मिठातून विजेचा प्रवाह वाहू लागला की धन टोकाचे तांबे झिजू लागते. जी गाडी मे महिन्यात चालते आणि जूनमध्ये बंद पडते, तिच्यात मीठ आहे असा संशय प्रथम घ्यावा.

म्हणून माझे म्हणणे लोकांना उफराटे वाटते. पाण्यात बुडालेला विजेचा भाग प्रथम पाण्यानेच धुवावा. मात्र गोड्या पाण्याने. आपल्याकडच्या काही बोअरिंगचे पाणी मचूळ आहे. त्याने धुणे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणे. पागोळीचे स्वच्छ पावसाचे पाणी उत्तम. एका परातीत भाग बुडवावा, मऊ कुंचल्याने हलवावा, पाणी फेकावे, पुन्हा नवे घ्यावे. किती वेळा, हे अंदाजाने ठरवू नये. हल्ली घरोघरी पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राबरोबर टीडीएस मोजण्याचे लहानसे उपकरण असते. धुण्याआधी पाण्याचा आकडा पाहावा, धुतल्यानंतर पुन्हा पाहावा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येईपर्यंत धुणे थांबवू नये. अखेरचे धुणे बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने करावे. जो भाग कधी बुडालाच नाही, नुसता धुळीने व तेलाने माखला आहे, त्याला मात्र पाणी लावण्याचे काही कारण नाही. कोरडा कुंचला आणि रॉकेलने किंचित ओलावलेले फडके त्याला पुरे.

वाळविणे हे धुण्याहूनही चिकाटीचे काम. जुन्या आर्मेचरच्या तारांवर सुताचे वेटोळे आणि वर रोगण असते. त्यात मुरलेले पाणी एका दिवसाच्या उन्हाने जात नाही. मी एक पत्र्याची पेटी केली आहे. तिच्यात तळाशी साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा दिवा, वर जाळी, जाळीवर आर्मेचर, आणि झाकणाला वाफ जाण्यासाठी भोके. आत साठ ते सत्तर अंश सेल्सिअस उष्णता राहील असे पाहावे आणि रात्रभर, प्रसंगी दोन रात्री, ठेवावे. रॉकेल किंवा स्पिरिट लागलेला कोणताही भाग या पेटीत घालू नये, नाहीतर पेटीचा बॉम्ब होईल. स्पिरिटवरून आठवले. पुष्कळ जुन्या रोगणांत चपडा लाख असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लवकर वाळावे म्हणून आर्मेचर स्पिरिटमध्ये बुडविणारे हौशी गृहस्थ मी पाहिले आहेत. आर्मेचर वाळते खरे, पण तारा उघड्या पडतात.

आता जी गोष्ट सांगतो ती आपल्या मुलांनी लक्ष देऊन ऐकावी. तारेचे वेटोळे धातूच्या अंगाला कोठे टेकले आहे काय, हे पाहण्यासाठी आमच्या काळी घरच्या २३० व्होल्टच्या विजेवर एक दिवा मध्ये जोडून दोन उघडी टोके आर्मेचरला लावीत. याला सिरीज लॅम्प म्हणतात, आणि काही दुकानांत तो अजूनही भिंतीला लोंबत असतो. दिवा मध्ये आहे, तेव्हा धक्का बसला तरी बेताचाच बसेल, अशी समजूत आहे. ती खोटी आहे. साठ वॉटच्या दिव्यातून पाव अँपिअरच्या वर प्रवाह जाऊ शकतो. माणूस वाचविण्यासाठी घरात बसवितात ते सुरक्षा यंत्र तीस मिलिअँपिअरला मेन बंद करते. त्याच्या आठपट प्रवाह तो दिवा सुखाने जाऊ देतो. मी उमेदवारीत असताना माझ्या शेजारच्या बाकावरचा मुलगा घामेजल्या हातांनी ती टोके धरून उभा होता. त्याला लाकडी दांड्याने बाजूला करावे लागले. तो वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटे पुढे कधी सरळ झाली नाहीत. आज काही शे रुपयांत मल्टिमीटर मिळतो. कम्यूटेटर आणि दांडा यांच्यामध्ये निदान दहा लाख ओहम दाखविले तर भाग चांगला वाळला असे समजावे. कमी दाखविले तर पुन्हा पेटीत. दोनदा वाळवूनही आकडा वर चढत नसेल तर नव्याने तारा गुंडाळण्यावाचून इलाज नाही.

दुसरा प्रसंग माझ्या स्वतःच्या हातावर लिहिलेला आहे. १९७४ च्या सुमारास घाईघाईत मी बॅटरी न सोडविताच डायनॅमो पेट्रोलने धूत होतो. पान्याचे एक टोक जिवंत तारेला लागले, दुसरे गाडीच्या चौकटीला. ठिणगी उडाली आणि परात पेटली. पेट्रोलची वाफ थंडीतही निघते, ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि आपण समजतो त्याहून पुष्कळ लांब जाऊन पेट घेते. शिवाय तिच्यात बेंझिन असते, ते रक्ताला घातक. तेव्हा धुण्यासाठी पेट्रोल मुळीच वापरू नये. रॉकेलही उघड्यावर, चुलीपासून व देवघरातील दिव्यापासून दूर, आणि जवळ वाळूची बादली ठेवूनच वापरावे. पूर्वी कारखान्यांत कार्बन टेट्राक्लोराईड नावाचा द्रव असे. तो पेटत नाही, म्हणून आम्ही त्याला निर्धोक समजत होतो. पण तो यकृत आणि मूत्रपिंडे नासवितो. ओझोनच्या थरासाठी झालेल्या माँट्रियल करारानुसार आपल्यासारख्या देशांनी २०१० पर्यंत त्याचा असा वापर बंद करावयाचा होता. कोणाच्या माळ्यावर त्याची जुनी बाटली असेल तर ती उघडून वास घेऊ नये.

बॅटरी सोडविताना चौकटीला जोडलेले टोक प्रथम सोडवावे व जोडताना ते शेवटी जोडावे. मग पाना चौकटीला लागला तरी ठिणगी उडत नाही. हे टोक ऋणच असते असे धरून चालू नये. कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक चौकटीला जोडीत. बॅटरीचे आम्ल सांडले तर वर खाण्याचा सोडा टाकावा. पुरात बुडालेली बॅटरी पुन्हा वापरण्याचा मोह नको. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था आहे, तिकडे ती द्यावी. आम्ल गटारात ओतू नये.

कम्यूटेटरविषयी थोडेसे. तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर बारीक काचकागदाने उजळाव्यात. एमरी वापरू नये, कारण तिचे कण फार कठीण. ते तांब्यात रुतून बसतात आणि ब्रश खातात. पट्ट्यांच्या मधले अभ्रक तांब्यापेक्षा किंचित खाली असले पाहिजे. हॅकसॉचे पाते घासून त्या फटीच्या रुंदीचे करावे व हलक्या हाताने अर्धा-एक मिलिमीटर खोदावे. नाकाला फडके बांधावे. कोळशाच्या ब्रशांचा भुगा वीज वाहून नेतो, तेव्हा तो कुंचल्याने पूर्ण काढावा. फुंकर मारू नये; अर्धा भुगा आपल्या डोळ्यांत जातो आणि उरलेला थुंकीने तेथेच चिकटतो. पॉइंटमधील अंतर बहुतेक जुन्या गाड्यांत ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते; परंतु आपल्या गाडीची पुस्तिका म्हणेल ते प्रमाण. काही जुन्या गाड्यांत सेलेनियमच्या चकत्यांचा रेक्टिफायर आढळेल. तो जळाला तर सडक्या मुळ्यासारखी दुर्गंधी सुटते आणि तो धूर विषारी असतो. खोलीबाहेर यावे व नवा सिलिकॉनचा बसवावा.

भगिनींचीही एक तक्रार माझ्याकडे आहे, किंवा माझी त्यांच्याकडे. चिंच आणि मीठ लावून समई कशी लखलखते! आमच्या घरातील एका भाच्याने हा घरगुती उपाय गाडीच्या पितळी टर्मिनलांवर केला. रविवारी ती सोन्यासारखी दिसत होती. पंधरा दिवसांनी हिरवा कळंक पूर्वीपेक्षा दाट. समई आपण नंतर चार पाण्यांनी धुतो. तारेच्या आत शिरलेले मीठ कोण धुणार? झाळण्याच्या कामातही हाच शत्रू वेष बदलून येतो. पत्र्याच्या डब्यांना झाळताना वापरतात त्या आम्लात जस्ताचा क्लोराईड असतो, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. विजेच्या तारेला फक्त राळ लावून झाळावे, आणि त्या कथलात शिसे असते म्हणून हात धुतल्याशिवाय जेवावयास बसू नये.

मी माझ्या वडिलांच्या गाडीचा डायनॅमो दुसऱ्यांदा उघडला तेव्हा तो सात पाण्यांनी धुतला, दोन रात्री पेटीत ठेविला, तुटलेली तार राळेने झाळली आणि फील्डच्या एका वेटोळ्याला नवी तार घातली. त्यानंतर त्याने २०२० चा पावसाळा काढला आणि त्यापुढचेही. तो मी आज मुद्दाम काढून आणला आहे. मंडपाच्या डाव्या कोपऱ्यातील टेबलावर झाकण उघडून ठेविला आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य पाहावा, हातातही घ्यावा. मात्र आता भोजनाची वेळ झाली आहे. खारट हात पुसून मगच.