‘बघू’ आणि ‘करते’ यांच्यामधलं अंतर

(धाराशिव जिल्ह्यातील बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला आज ‘आत्मविश्वास’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. खरं सांगू, हा शब्द मला जरा जडच वाटतो. ‘आत्मविश्वास बाळगा’ असं कुणी सांगितलं म्हणून तो येत नाही. त्यापेक्षा आपण रोज जे शब्द सहज बोलून जातो, त्यांच्याविषयी बोलू. ते तरी आपल्या हातात आहेत.

मागच्या महिन्यात एका गावात बैठक होती. रेशनकार्डातून नावं कमी झाली होती. मंगळवारी तहसीलला जायचं ठरलं. मी विचारलं, कोण कोण येणार? उत्तरं अशी आली: ‘बघू की.’ ‘जमलं तर येते.’ ‘मालकास्नी इचारून सांगते.’ ‘तुमी व्हा म्होरं, मी आलेच समजा.’ तीसएक जणींनी माना डोलावल्या. मंगळवारी आल्या चौघी. गंमत अशी, की ‘नाही येणार’ असं एकीनंही म्हटलं नव्हतं! मी घरी जाऊन वही उघडली आणि त्या चौघी आदल्या दिवशी काय म्हणाल्या होत्या ते आठवू लागले. एक म्हणाली होती, ‘मी येते, सकाळची एसटी धरते.’ दुसरी म्हणाली होती, ‘शेळ्या जावेकडं सोडते अन् येते.’ म्हणजे यायचं की नाही हे त्यांच्या वाक्यातच ठरलं होतं.

आपल्या मराठीत एक सोय आहे. ‘मी’ म्हटलं की पुढं ‘करते, जाते, ठरवते’ असं काहीतरी यावं लागतं. ‘मला’ म्हटलं की ‘जमतं, मिळतं, लागतं, होतं’ येतं. ‘मी’मध्ये करणारी बाई दिसते. ‘मला’मध्ये ती बाजूला उभी राहते आणि गोष्टी तिच्यावर येऊन पडतात. आता आपलं बोलणं आठवा. ‘मला तिकडं दिली.’ ‘मला शाळेतून काढलं.’ ‘मला मार बसला.’ यात आपला दोष नाही. आपल्याला खरोखरच दिलं गेलं, काढलं गेलं. पण सवय अशी लागते, की जे आपल्या हातात असतं तेसुद्धा आपण ‘मला’नंच बोलतो. ‘मला यायला जमलं नाही’ म्हणतो. ‘मी आले नाही’ म्हणत नाही.

मी बायकांनाच बोल लावते आहे असं समजू नका. यात मीही आहे, आणि माझी चूक तुमच्यापेक्षा मोठी आहे. समाजकार्याची पदवी घेऊन मी नवीनच कामाला लागले होते. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली एक मुलगी आमच्याकडं यायची. पोटगीची तारीख होती. तिनं विचारलं, ‘ताई, सोमवारी कोर्टात याल ना?’ सोमवारी माझी दुसरीकडं बैठक होती आणि हे मला माहीत होतं. पण तोंडावर नाही म्हणवेना. म्हटलं, ‘बघते, प्रयत्न करते.’ मी गेले नाही. ती दिवसभर पायरीवर माझी वाट पाहत बसली. समोरच्यांची पाच माणसं होती, ही एकटी. त्यांनी पुढं केलेल्या तडजोडीच्या कागदावर तिनं सही केली. नंतर ती मला एवढंच म्हणाली, ‘ताई, तुमी नाही म्हणला असता तर मी मावशीला संगं नेलं असतं.’

मैत्रिणींनो, हे वाक्य मी अजून विसरले नाही. ‘प्रयत्न करते’ हा शब्द मला सभ्य वाटला होता, पण त्यानं तिची मावशी हिरावून घेतली. स्पष्ट ‘नाही’ ऐकलेली बाई दुसरी वाट शोधते. ‘बघते’ ऐकलेली बाई वाट बघत बसते.

अमेरिकेत २०१२ साली व्हॅनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हॅग्टवेट या दोघा संशोधकांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. नीट, पौष्टिक खायचं ठरवलेल्या लोकांचे त्यांनी दोन गट केले. मोह झाला की एका गटानं मनाशी म्हणायचं, ‘मला हे खाता येत नाही.’ दुसऱ्यानं म्हणायचं, ‘मी हे खात नाही.’ जाताना चॉकलेट आणि धान्याची पौष्टिक वडी दोन्ही समोर ठेवलं. ‘खात नाही’ म्हणणाऱ्यांतल्या शंभरात ६४ जणांनी पौष्टिक वडी उचलली, ‘खाता येत नाही’ म्हणणाऱ्यांत ३९ जणांनी. प्रयोग लहान, माणसं वेगळी. त्यावरून सगळं जग ठरत नाही. पण कारण पटण्यासारखं आहे. ‘येत नाही’ म्हटलं की कुणीतरी आपल्याला अडवलंय असं वाटतं. ‘करत नाही’ म्हटलं की ते आपण ठरवलेलं असतं. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला ‘मला पैसे देता येत नाहीत’ म्हणणं आणि ‘मी दारूला पैसे देत नाही’ म्हणणं, यातला फरक तुम्हाला अमेरिकेनं शिकवायला नको.

आपल्याच मातीतली गोष्ट घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. हजारो माणसं मेली. तुमच्यातल्या काहीजणी तेव्हा लहान होत्या, काहींनी आपली माणसं गमावली. त्यानंतर सरकारी कागदावर आपल्या सगळ्यांना एकच नाव मिळालं: ‘लाभार्थी’. लाभार्थ्यानं रांगेत उभं राहायचं, देतील ते घ्यायचं.

पण ज्या गावांत घरं पूर्ण पडली नव्हती, तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करायचं असं ठरलं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकसहभागाचं काम ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडं आलं. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका त्यासाठी पुढं आल्या, आणि त्यांना नाव मिळालं ‘संवाद सहायक’. घरोघर जायचं, अनुदान कसं मिळतं, भूकंपात टिकणारी भिंत कशी बांधायची ते सांगायचं, इंजिनिअरशी बोलायचं, ग्रामसभेत अडचणी मांडायच्या. ज्या बाईनं कधी चावडीची पायरी चढली नव्हती, ती आता ‘मी संवाद सहायक’ असं सांगून ग्रामसेवकासमोर उभी राहू लागली. ‘लाभार्थी’ म्हणून गेली असती तर हात पसरून गेली असती. हे काम एवढं अंगी मुरलं, की २००१ साली गुजरातेत भूकंप झाला तेव्हा आपल्या भागातल्या बायका तिकडच्या बायकांना धीर द्यायला आणि शिकवायला गेल्या. दुःख तेच होतं. बदललं होतं ते नाव आणि त्या नावाबरोबर आलेलं काम.

शेतीचंही तेच. सर्वेक्षणाला माणूस येतो, विचारतो, ‘बाई काय करतात?’ नवरा सांगतो, ‘घरीच असते.’ बाईही म्हणते, ‘मी रिकामीच हाय.’ पेरणी, खुरपणी, काढणी, बियाणं राखणं, जनावरं हे सगळं करून रिकामी! फार झालं तर म्हणते, ‘मालकास्नी मदत करते.’ मदत करणाऱ्या माणसाला काय पेरायचं ते कोण विचारणार? मागच्या दुष्काळाच्या वर्षांपासून आपल्या जिल्ह्यात कितीतरी बायकांनी घरच्यांशी बोलून अर्धा एकर, एक एकर तुकडा आपल्याकडं घेतला. त्यात ऊस-सोयाबीनऐवजी भाजीपाला, कडधान्यं, ज्वारी घेतली, घरात आधी खायला होईल असं. या कामासाठी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालं. पण मला पारितोषिकापेक्षा वाक्याचं कौतुक आहे. आधी ‘मदत करते’ म्हणणारी बाई आता म्हणते, ‘माझ्या एकरात मी तूर घेतली.’ ‘माझ्या’ आणि ‘मी’, एकाच वाक्यात दोन्ही!

आता सगळ्यांत नाजूक जागा. मार खाऊन आलेली बाई काय सांगते? ‘जरा बोलाचाली झाली.’ ‘हात उचलला गेला.’ कुणी उचलला? वाक्यात माणूसच नाही. आणि आपण कार्यकर्त्या वहीत लिहितो, ‘किरकोळ कौटुंबिक वाद, समजूत घातली.’ कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. संरक्षण अधिकारी त्याखाली घटनेचा अहवाल लिहितात. तिथं ‘वाद’ लिहिला की वादच राहतो. ‘नवऱ्यानं काठीनं डाव्या हातावर मारलं, अमुक तारखेला, रात्री नऊ वाजता’ असं लिहिलं तर पुढं काही घडू शकतं. तिच्यावर शब्द लादू नका. पण तिला विचारा, ‘कुणी? कधी? कशानं?’ तिच्याच तोंडून ते वाक्य पूर्ण होऊ द्या.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. शब्द बदलला की जग बदलतं, असं मी म्हणत नाही. तसं सांगणारे खूप भेटतात, आणि अपयश आलं की ‘तुमचेच विचार खोटे’ म्हणून मोकळे होतात. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं का, यावर चर्चेचा प्रस्ताव मांडला. स्त्री संघटनांनी विरोध केला आणि तो योग्यच होता. नाव गोड झालं तरी बाईची ओळख नवऱ्याच्या मरणावरूनच राहिली! त्याच्या वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला. तिथं शब्दाआधी वागणं बदलायला घेतलं.

उलटही घडतं. दुसऱ्यांनी निवडलेले शब्द आपल्याला लहान ठेवतात. अंगणवाडी ‘सेविका’, तिला ‘मानधन’. सेवा म्हटलं की पगार मागायला तोंड राहत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा ‘मानधन’ या शब्दाआड काय झाकलं होतं ते उघडं पडलं. ऊसतोडीला नवराबायको दोघं जातात, मुकादमाच्या हिशेबात ते ‘एक कोयता’. उचल नवऱ्याच्या हातात. दोन माणसांचं काम, एकाच अवजाराचं नाव, आणि त्यात बाई सापडत नाही. इथं तिनं ‘मी’ म्हणून भागणार नाही. तिचं नाव हिशेबाच्या वहीत चढायला हवं, आणि ते एकटीनं होत नाही.

म्हणून जाताना तीनच गोष्टी ठरवू. पहिली, आपल्या बैठकीत ‘बघू’ लिहायचं नाही. ‘येते’ किंवा ‘येत नाही’ लिहायचं. ‘येत नाही’ला कुणी रागवायचं नाही, कारण खरं ‘नाही’ सांगता आलं तरच ‘हो’ला किंमत येते. दुसरी, ‘येते’ म्हटलं की सोबत सांगायचं: कोणत्या एसटीनं, कुणाबरोबर, लेकरू कुणाकडं ठेवून. अडचण असेल तर ती तिथंच बोलायची, म्हणजे शेजारीण म्हणेल, ‘माझ्याकडं ठेव.’ तिसरी, ‘घरी इचारते’च्या जागी ‘घरी सांगते’. सगळ्याजणींना हे उद्याच जमणार नाही, काहींना त्याची किंमत मोजावी लागेल. म्हणून जिला शक्य आहे तिनं सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीशी उभं राहायचं.

त्या मुलीच्या खटल्याचं काय झालं, असं काहींच्या मनात असेल. तिनं पुन्हा अर्ज केला. पुढच्या तारखेला तिनं मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ‘मी येते. दहा वाजता, पायरीवर.’ आणि पावणेदहालाच जाऊन बसले. ती आली तेव्हा तिच्याबरोबर मावशीही होती!