देव आपापला, सतरंजी एक

(मंडळाच्या वर्धापनदिनी अंबाजोगाई येथे केलेले भाषण)



 वर्धापनदिनी मंडळाच्या कामाचे कौतुक करावे, दोन गोड शब्द बोलावेत आणि खाली बसावे, अशी रीत आहे. कौतुक करण्याजोगे आपल्याकडे पुष्कळ आहे. शिवणवर्ग चालतो, भिशीचा हिशेब पैशापैशाने लागतो आणि अडल्यानडल्या बाईला दवाखान्यात न्यायला रात्रीबेरात्री आपल्यातली कोणीतरी उठते. परंतु चिटणीसबाईंनी मला विषय दिला आहे तो 'आपली श्रद्धा आणि आपले मंडळ' असा. तो का दिला हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा आडवळणाने न बोलता सरळच बोलते.

श्रावणापासून आपण मंडळात पोथी लावली. आधी अध्याय, मग आरती, मग प्रसाद आणि त्यानंतर कामकाज, असा क्रम ठरला. हेतू चांगलाच होता. पण त्यानंतर चार भगिनी हळूहळू येईनाशा झाल्या. एक महानुभाव घराण्यातली आहे. तिच्या पंथात परमेश्वर एक आणि देवता निराळ्या. म्हणून ती इतर देवतांच्या आरतीला उभी राहत नाही, प्रसादही घेत नाही. दुसरी बौद्ध आहे. तिसरी मुसलमान आहे. शिवणवर्गात तिच्याइतकी सुबक काजे कोणी करीत नाही. चौथी शाळेत शिकवते आणि 'मला देव आहे असे वाटतच नाही' असे शांतपणे सांगते. यांच्याविषयी आपल्यात जे बोलले गेले ते असे : "देव सगळे एकच. मग घटकाभर हात जोडायला यांचे काय जाते?"

भगिनींनो, या वाक्याचाच आज आपण विचार करू. बोलणारीचे मन स्वच्छ असते, यात शंका नाही. पण 'सगळे एकच' हे नेहमी कोण म्हणते, ते पाहा. पाटावर जिचा देव बसलेला असतो, तीच म्हणते. जिला आपला देव बाजूला ठेवून दुसऱ्याच्या देवापुढे उभे राहायचे असते, तिला ते एकच वाटत नाही.

आणि खरोखर सगळे एकच आहे का? आपल्याच जिल्ह्यात पाहू.

याच गावात मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या 'विवेकसिंधु'त शके 1110, म्हणजे इसवी सन 1188, असा काळ दिलेला आहे. त्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ग्रंथाच्या मताबद्दल संशय नाही. ब्रह्म निर्गुण, निराकार आणि जीव त्याहून वेगळा नाही, हे त्यांनी मराठीत समजावून सांगितले. म्हणजे शेवटी पुजणारा आणि पुजायचा देव असे दोन उरतच नाहीत.

इथून गेवराई तालुक्यात जा. गोदावरीच्या काठी पांचाळेश्वर आहे. महानुभावांचे ते मोठे तीर्थ. त्यांचे म्हणणे अगदी निराळे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही मुळातच वेगळे. जीव कधी परमेश्वर होत नाही, तो परमेश्वराच्या कृपेने सुटतो. मुकुंदराज आणि महानुभाव यांना समोरासमोर बसवून 'तुम्ही एकच सांगता' असे म्हटले असते, तर दोघांनीही मान हलवून नकार दिला असता.

दत्ताचेच पाहा. आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी तीन मुखांच्या दत्ताची तसबीर आहे. महानुभावांचा श्रीदत्तात्रेय एकमुखी, पंचकृष्णांपैकी एक. आणि याच अंबाजोगाईत दासोपंतांनी दत्ताची उपासना करीत आयुष्य घालवले. 1551 मध्ये जन्मलेल्या आणि 1615 मध्ये इथेच देह ठेवलेल्या या पुरुषाने 'गीतार्णव' हा सव्वा लाख ओव्यांचा ग्रंथ लिहिला. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा कापडाच्या पासोडीवर त्यांनी पंचीकरण लिहून ठेवले. नाव एक, दत्त. पण त्या नावामागचा अर्थ घरोघरी निराळा.

तसेच शंकराचे. परळीला आपण वैजनाथाच्या दर्शनाला जातो, पायऱ्या चढतो, पिंडीवर बेल वाहतो. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला कार्तिकी पौर्णिमेला जाणाऱ्या वीरशैव भगिनी आपले इष्टलिंग गळ्यात घालून येतात. आपला देव त्या घरात, शेतात, प्रवासात जवळच बाळगतात. मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' मराठीत लिहिले ते याच मार्गाविषयी. त्या मार्गात लिंगदीक्षा स्त्रीलाही आहे आणि महिन्याच्या चार दिवसांत तिने पूजा थांबवावी असे त्यांचे शास्त्र सांगत नाही. आपल्याकडे कित्येक घरांत आजही ते चार दिवस देवघराला शिवत नाहीत. शंकर एकच, पण एक बाई त्या दिवशी देवाला हातात घेते आणि दुसरी दाराबाहेर थांबते. हा फरक लहान आहे असे बायकांच्या मंडळात तरी कोणी म्हणू नये.

आणि ज्योतिर्लिंग कोणते म्हणाल, तर आपण परळीचे म्हणतो. झारखंडातले देवघरचे लोक त्यांचे म्हणतात. दोन्हीकडे भक्तांची रीघ लागलेलीच असते.

मग बौद्ध भगिनींचे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्म स्वीकारला आणि आपल्या अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यांत देवदेवतांना देव न मानण्याची व त्यांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा स्पष्ट आहे. जिच्या घरी ती घेतली गेली, तिला 'आरतीला नुसते उभे राहा' म्हणणे म्हणजे 'शब्द मोड' म्हणणे होय. दिलेल्या शब्दाची किंमत आपण आपल्या मुलांना शिकवतो. ती शेजारणीच्या बाबतीतही मानली पाहिजे. मुसलमान भगिनीचेही तसेच. अल्लाखेरीज दुसऱ्या कोणाची उपासना करायची नाही, हा तिच्या धर्माचा पायाच आहे. आपल्यातली एखादी दर्ग्यावर नवस बोलते, म्हणून तिनेही आरती म्हटलीच पाहिजे असा हिशेब होत नाही.

कोणी म्हणेल, इतके भेद असतील तर एकत्र बसायचे तरी कसे? याचे उत्तर मला ग्रंथांत शोधावे लागले नाही, घरातच मिळाले. मी रोज देवपूजा करते, एकादशी करते. माझे यजमान देव मानीत नसत. आमचा संसार 41 वर्षांचा झाला. मी परळीला जायची तेव्हा ते बरोबर येत आणि बाहेर माझ्या चपला सांभाळत वर्तमानपत्र वाचत बसत. मी त्यांना कधी आत ओढले नाही आणि त्यांनी माझ्या उपासाची चेष्टा केली नाही. एकादशीला साबुदाणा ते स्वतः भिजत घालीत. आमच्यात वाद झाले नाहीत असे नाही, पुष्कळ झाले. 'देव असता तर पाऊस वेळेवर पडला असता' असे ते दुष्काळात म्हणाले होते आणि मला त्या वेळी उत्तर सुचले नव्हते. आजही सुचलेले नाही. तरी माझी पूजा चालू आहे. आम्ही एका मताचे झालो नाही, पण एकमेकांवाचून आमचे चालले नसते.

भेद आहे तो असू द्यावा. त्यावर पांघरूण घालू नये आणि त्यावरून माणूसही तोडू नये, असे माझे म्हणणे आहे. माणूस तोडल्याने काय होते, याचा एक दाखला देते. महानुभावांनी आपले ग्रंथ पुढे सांकेतिक लिपीत लिहून ठेवले. कारणे काहीही असोत, परिणाम असा झाला की म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'सारखे मराठीचे धन कित्येक शतके शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचताच आले नाही. विसाव्या शतकात ती लिपी उलगडली आणि ग्रंथ छापले गेले, तेव्हा कळले की मराठीची पहिली ज्ञात कवयित्री महदाइसा याच पंथातली. ती चक्रधरस्वामींना सतत प्रश्न विचारी आणि ते तिला उत्तरे देत. केवढी मोठी गोष्ट ही बाईच्या जातीला!

त्याच पंथातली आणखी एक आठवण सांगितली जाते. केशिराजांसारखे विद्वान शिष्य संस्कृतात लिहू पाहत होते. तेव्हा आचार्य नागदेवांनी त्यांना थांबवले. संस्कृतात लिहिलेत तर माझ्या म्हाताऱ्या बायांना ते मिळायचे नाही, त्या वंचित राहतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. भगिनींनो, विचार करा. एका आचार्याने ग्रंथाची भाषा ठरवताना दाराशी बसलेल्या म्हातारीचा विचार केला. आपण आपल्या बैठकीचा क्रम ठरवताना दाराबाहेर राहिलेल्या चौघींचा विचार करणार नाही का?

आता नुसते बोलून उपयोग नाही. मी तीन गोष्टी सुचवते. त्यांवर कार्यकारिणीने निर्णय घ्यावा.

पहिली : पोथी बंद करू नये. जिला ऐकायची तिला ती जरूर मिळावी. पण पोथीचा दिवस आणि मंडळाच्या बैठकीचा दिवस वेगळा असावा. भिशी, शिवणवर्ग आणि मदतीचे काम यांच्या आधी कोणतीही आरती नसावी. बैठक दोन मिनिटांच्या शांततेने सुरू व्हावी. त्या दोन मिनिटांत कोणी नाव घेईल, कोणी बुद्धाला वंदन करील, कोणी घरच्या दुधाचा हिशेब करील. ते आपण विचारायचे नाही.

दुसरी : 'तुम्ही हात का जोडत नाही' हा प्रश्न मंडळात कोणी कोणाला विचारू नये, तसेच 'तुम्ही अजून उपास का धरता' असेही विचारू नये. आपल्या राज्यघटनेच्या 25व्या कलमाने प्रत्येकाला सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे. घटनेने दिलेले शेजारणीने काढून घेऊ नये.

तिसरी : महिन्यातून एकदा एकेका भगिनीने आपल्या घरची श्रद्धा सर्वांना सांगावी. आपण काय मानतो, काय मानत नाही, लेकरू आजारी पडले तर मनाला आधार कशाचा वाटतो, एवढेच. ऐकणारीने समजून घेण्यासाठी प्रश्न विचारावा; खोडून काढण्यासाठी नव्हे. जी देव मानत नाही, तिलाही हा दिवस मिळावा. मला वाटते, तिचेच बोलणे आपण सर्वांत लक्ष देऊन ऐकू.

एवढे ठरले, तर उद्या आपल्यातल्या दोघीतिघींनी त्या चौघींच्या घरी जावे. निमंत्रणपत्रिका पाठवून भागणार नाही, पायांनी जावे. आणि 'चला, आम्ही तुम्हांला सांभाळून घेऊ' असे म्हणू नये. 'काजांचा वर्ग तुमच्यावाचून अडला आहे,' असे म्हणावे. ते खरेही आहे.

देवाविषयीचे सत्य काय, ते मुकुंदराजांनी एक सांगितले, चक्रधरांनी दुसरे आणि बाबासाहेबांनी तिसरे. त्याचा निकाल या सतरंजीवर लागणार नाही आणि लागावा अशी माझी इच्छाही नाही. सतरंजी मात्र चौघींनाही पुरेल एवढी मोठी आहे. दर महिन्याला ती घालणाऱ्या आपणच आहोत.